जुन्या गाडीला दिवसाचे दिवे बसवा, पण नीट बसवा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा जवळ आला की आपल्या दैनिकात आंबोली, फोंडा, करूळ या घाटांतल्या धुक्याच्या आणि समोरासमोरच्या धडकांच्या बातम्या येऊ लागतात. बातमीच्या शेवटी वाहने सावकाश चालवण्याचे आवाहन असते आणि ते योग्यच आहे. पण सावकाश चाललेली गाडीही समोरच्याला वेळेत दिसली पाहिजे, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. आजऱ्यात माझे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. रोज हाताखालून जाणाऱ्या कामातले एक काम मला लोकांसमोर मांडायचे आहे, कारण ते चांगले काम आहे आणि बहुतेक ठिकाणी वाईट पद्धतीने होत आहे.

नव्या गाड्यांना पुढे पांढरे दिवे असतात. इंजिन चालू केले की ते आपोआप लागतात आणि दिवसभर चालू राहतात. दुकानात सगळे त्यांना डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट) म्हणतात. ते पाहून जुन्या मारुती, सँट्रो, इंडिका चालवणारी मंडळी आता आपल्याही गाडीला तसे दिवे मागतात. कोल्हापूर-बेळगावला गेलेला माणूस येताना पट्टीचा दिवा घेऊन येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, एवढी पट्टी चिकटवून द्या की. धा मिन्टाचं काम हाय." मी दिव्याला नाही म्हणत नाही. राखाडी, चंदेरी किंवा काळी गाडी असेल तर मी स्वतःहून सुचवतो. नाही म्हणतो ते पट्टीला आणि दहा मिनिटांना.

दिवसा दिवा कशाला, असे विचारणारे अजून पुष्कळ आहेत. आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना काही ठिकाणी रस्त्यावर झाडांची दाट सावली असते. लख्ख उन्हातून येणाऱ्याला त्या सावलीतली गडद रंगाची गाडी चटकन दिसत नाही. शिवाय नाकासमोरून येणारे वाहन नजरेत डावी-उजवीकडे सरकत नाही, नुसते मोठे होत जाते. म्हणून ते किती जवळ आले आणि किती वेगात आहे, हे उशिरा कळते. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने येत असतील तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होते. १५५ मीटरचा रस्ता पाच सेकंदांच्या आत संपतो. ओव्हरटेक करायला निघालेल्याला समोरचा दिवा दोन सेकंद आधी दिसला तर तो गाडी परत आपल्या बाजूला घेऊ शकतो. दिवसाच्या दिव्याचे काम एवढेच आहे. त्याने आपल्याला रस्ता दिसत नाही, समोरच्याला आपण दिसतो.

हे काही नवे फॅड नाही. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवावी लागते. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना ते आवश्यक झाले, आणि युरोपात ७ फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सुरुवातीला अशी गाडी घेतलेल्या पोरांना रस्त्यावरचा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून "लाइट चालू आहे" म्हणून खुणावायचा. आता कोणी खुणावत नाही. मोटारींना मात्र आपल्याकडे अशी सक्ती नाही, त्यामुळे जुन्या मोटारवाल्याने काय करायचे ते त्याचे तोच ठरवतो.

आता पट्टीबद्दल. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्या बहुधा निळसर असतात, काही लाल-निळ्या उघडझाप करणाऱ्याही असतात. पुढच्या बाजूला लाल दिवा नियमात बसत नाही आणि निळ्याने तर समोरच्याला रुग्णवाहिका किंवा पोलिसांची गाडी वाटते. चिकटवलेली पट्टी एका पावसाळ्यात पाणी धरते, अर्धी जळते आणि उरलेली बंपरवरून लोंबते. त्यातही मोठी चूक असते ती जोडणीत. वेळ वाचवायला पट्टी पार्किंग लाइटच्या वायरवर जोडतात. म्हणजे दिवसा, जेव्हा तिची गरज असते, तेव्हा ती बंद. आणि रात्री हेडलाइटबरोबर ती चालू. ओल्या रस्त्यावर रात्री हा जादा पांढरा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ज्या कामासाठी दिवा घेतला त्याच्या नेमके उलट काम तो करतो.

दिवसाचा दिवा कसा असावा हे युरोपच्या नियम क्रमांक ८७ मध्ये ठरवून दिलेले आहे. उजेड पांढराच हवा. सरळ समोर तो ४०० कँडेलापेक्षा (उजेडाची तीव्रता मोजायचे एकक) कमी नको आणि १,२०० पेक्षा जास्त नको. कमी असेल तर उन्हात दिसत नाही, जास्त असेल तर डोळ्यांना त्रास होतो. या नियमाने तपासलेल्या दिव्याच्या काचेवर गोलात 'ई' हे रोमन अक्षर, त्याच्या शेजारी आकडा आणि जवळ 'आरएल' ही अक्षरे असतात. फिलिप्स, ओसराम, हेला या कंपन्यांनी बाहेरून बसवायचे असे संच काढलेले आहेत. ग्राहकाने दिवा हातात घेतल्यावर आधी ही खूण शोधावी. खूण असली म्हणजे माल अस्सलच असेल असे नाही, पण जिथे खूणच नाही तो दिवा मी बसवत नाही.

जागाही मोजून घ्यावी लागते. जमिनीपासून २५ सेंटीमीटरपेक्षा खाली नको आणि दीड मीटरपेक्षा वर नको. दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६० सेंटीमीटर अंतर हवे, नाहीतर लांबून मोटार दुचाकीसारखी दिसते. दिवा इंडिकेटरला खेटून बसवला तर पिवळी उघडझाप पांढऱ्या उजेडात बुडून जाते. म्हणून दोघांत ४ सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर राहत असेल तर इंडिकेटर चालू असताना त्या बाजूचा दिवा मंद किंवा बंद करण्याची नियमातही मुभा आहे. जुन्या छोट्या गाड्यांच्या बंपरमध्ये जागा कमी असते. अशा वेळी मी खालच्या जाळीत लोखंडी क्लॅम्प करून दिवा घेतो, पण रेडिएटरला हवा लागायची वाट अडवत नाही.

जोडणी मी पाच पायांच्या रिलेवर, म्हणजे कॉइलला करंट मिळाला की आपोआप जोड बदलणाऱ्या खटक्यावर, करतो. हे जरा सविस्तर लिहितो, कारण गावोगावच्या वायरमननी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. रिलेच्या ३० नंबरच्या पायाला चावीवरचा करंट द्यायचा, म्हणजे चावी बंद तर दिवा बंद आणि बॅटरी उतरायची भीती नाही. ही वायर जिथून घेतली तिथेच, अगदी सुरुवातीला, ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज टाकायचा. दिवा जोडायचा तो ८७-ए या पायाला. रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८६ ला, पार्किंग लाइटची वायर आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर. पार्किंग बंद असेपर्यंत करंट ३० वरून ८७-ए वर जातो आणि दिवसाचा दिवा चालू राहतो. पार्किंग किंवा हेडलाइटचा खटका दाबला की कॉइल ओढते, ८७-ए सुटतो आणि दिवा बंद होतो. चालकाला काहीच लक्षात ठेवावे लागत नाही. काही चांगल्या संचांबरोबर छोटा डबा येतो. इंजिन चालू झाले की अल्टरनेटरमुळे बॅटरीवरचा व्होल्टेज १२.६ च्या आसपासून १४ च्या जवळ चढतो. तो डबा ही वाढ ओळखून दिवा लावतो. तोही चालेल, पण हेडलाइट लागल्यावर दिवा बंद करणारी वायर त्याला जोडलेली हवीच. बरेच जण ती गुंडाळून टेप मारून सोडून देतात.

अर्थ घेताना बंपरच्या स्क्रूला वायर गुंडाळून भागत नाही. चेसिसचा बोल्ट काढावा, खालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बोल्ट कसावा आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. आमच्याकडच्या पावसात उघडा जोड एका हंगामात हिरवा पडतो. केबिनमधून पुढे येणारी वायर रबरी बुचातूनच काढायची, कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून नाही. बाहेरची सगळी वायर लवचिक पाइपात घालायची, कारण पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरतात आणि कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली की फ्यूज नसलेली गाडी पेट घेऊ शकते. एवढे सगळे दहा मिनिटांत होत नाही. अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे मागताना मला संकोच वाटत नाही.

काही जण विचारतात, मग दिवसभर हेडलाइटच का लावू नये? लावता येतो, आणि ज्याला दिवे बसवायचे नाहीत त्याने तो लावावा. जुन्या गाडीत एच-४ बल्बचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा खाली पडणारा झोत, ५५ वॅटचा असतो. दोन्हींचे मिळून ११० वॅट, शिवाय मागचे दिवे. एलईडीची जोडी त्याच्या लहानशा हिश्शात भागवते, आणि हेडलाइटचे बल्ब रात्रीसाठी टिकतात. एवढाच फरक.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. हा दिवा फक्त पुढे असतो. त्याच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. नव्या महागड्या गाडीतही बहुधा हीच व्यवस्था असते. चालकाला वाटते, माझ्या गाडीचे दिवे चालू आहेत, मी दिसतो आहे. पुढच्याला तो दिसतो. मागून येणाऱ्या ट्रकला मात्र धुक्यात त्याची गाडी पूर्ण अंधारी असते. आंबोलीत जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी पुढच्या वळणाचा कठडा दिसत नाही. तिथे डीआरएलवर विसंबणे धोक्याचे आहे. धुक्यात आणि जोराच्या पावसात डिपर लावलाच पाहिजे, म्हणजे मागचे लाल दिवेही लागतात. अप्पर लावू नये, त्याचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि चारी इंडिकेटर चालू ठेवून घाट उतरायची जी पद्धत पडली आहे ती सोडावी. त्यामुळे कोण वळतो आहे, कोण बंद पडून उभा आहे, हे मागच्याला कळत नाही. डिपरचे तर नियमातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०५ प्रमाणे दिवे केवळ रात्रीसाठी नाहीत; रस्त्यावरचे माणूस व वाहन १५५ मीटरवरून स्पष्ट दिसण्याइतका उजेड नसेल तर कोणत्याही वेळी दिवे लावावे लागतात. माझ्याकडून दिवे बसवून नेणाऱ्या प्रत्येकाला गाडीच्या मागे उभे करून मी हे दाखवतो: डीआरएल चालू, मागे काही नाही, डिपर लावला, मागे लाल. शिक्षक असोत, काजूचे व्यापारी असोत, पाहिल्यावर बहुतेक जण म्हणतात, "हे कधी लक्षातच आलं नव्हतं."

कायद्याची बाजूही ग्राहक विचारतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये नियमात न बसणारा बदल किंवा जोड बसवणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे आहे. झगमगाट करणाऱ्या पट्ट्यांना आणि डोळे दिपवणाऱ्या जादा दिव्यांना आळा बसला पाहिजे, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण नियमाप्रमाणे तपासलेला, हेडलाइटबरोबर बंद होणारा पांढरा दिवा आणि निळी पट्टी यांत रस्त्यावरच्या तपासणीत फरक केला जाईल का, हे मी ग्राहकाला आज ठामपणे सांगू शकत नाही. राज्याच्या परिवहन विभागाने जुन्या मोटारींसाठी मराठीत एक पानाचे पत्रक काढावे: कोणता दिवा चालेल, कोणती खूण हवी, कुठे बसवायचा, कशाबरोबर बंद झाला पाहिजे. आपल्या पुण्यातच एआरएआय ही वाहने तपासणारी संस्था आहे. दिव्यांच्या बसवणुकीचे एआयएस-००८ हे मानकही आहे. ते आमच्यासारख्यांना समजेल अशा भाषेत, आकृत्यांसह, प्रत्येक आरटीओ कार्यालयात आणि आयटीआयमध्ये लागले तर दहा मिनिटांच्या कामांना आपोआप चाप बसेल. आयटीआयमधून माझ्याकडे येणारी मुले हुशार असतात, पण त्यांच्या हातात कोणी ८७-ए चा पाय दिलेला नसतो.

दुसरी मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे आणि तिला फार खर्च येत नाही. दाणोलीच्या बाजूने घाट चढायच्या आधी आणि वर आंबोलीत उतार लागायच्या आधी, दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत फलक लावावेत: 'धुके असल्यास डिपर लावा, डीआरएल पुरेसा नाही, चारी इंडिकेटर चालू ठेवू नका.' हे फलक जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत लागले पाहिजेत.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, आजरा (जि. कोल्हापूर)