सुमेस, बाईंच्या लोकरीबद्दल

प्रिय सुमे,

इतके महिने पत्र नाही म्हणून रुसली असशील. खुशाल रूस, पण आधी हे वाच. बाईंनी चरखा बंद केला. बोटं ऐकत नाहीत म्हणाल्या. आणि वेन्सलीडेल जातीच्या मेंढीची ती अख्खी लोकर (हो, तीच, आपल्याला कधी हातसुद्धा लावू दिला नाही ती) गाठोड्यासकट माझ्या मांडीवर ठेवली. "दोघी मिळून बघा काय ते." बस, एवढंच.

माझं बरं आहे, गुडघा आहे तसाच.

गाठोडं सोडलं आणि बसूनच राहिले. पहिल्या कातरणीची लोकर, बटा वीतभराहून लांब, टोकाशी गोल वळलेल्या. घरच्यांनी येऊन पाहिलं, "छान आहे" म्हणाले आणि गेले. धाकट्याने विचारलं, ही खरंच मेंढीची का? आता सांग, हे मी तुला नाही तर कुणाला लिहू?

एक जुना हिशेब मिटवून टाकते. ही चकाकी मेणाची, धुतली की उतरेल, असं तू बाईंसमोर छाती ठोकून म्हणाली होतीस. थोड्या बटा जाळीच्या पिशवीत घालून कढत पाण्यात नुसत्या बुडवून ठेवल्या, अजिबात चोळल्या नाहीत. मेण गेलं आणि चकाकी दुप्पट झाली! या केसाचे खवले मोठे, सपाट, अंगाला चिकटून बसलेले. उजेड पडला की सरळ परततो. तुझ्या लाडक्या मेरिनो मेंढीच्या केसाचे खवले बारीक आणि दाट, त्यात केस सगळा नागमोडी, म्हणून तिथे उजेड विखरून जातो. हरलीस. पत्र जपून ठेव, पुढे नाकबूल करशील.

मऊपणावर मात्र मी वाद घालत नाही. तिशीच्या वरच्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केस गळ्याला टोचणारच, आणि हा तिशीच्या वरचाच आहे. म्हणजे शाल नको, गळपट्टा नको. ही लोकर मागावरच जायला हवी. म्हणजे तुझ्याकडे. इथेच माझं घोडं अडलंय.

देववत नाही असं नाही. थोडं असेलही. पण खरी भीती सुताची आहे. मेरिनोत हात जरा जाड-बारीक झाला तर तिची लव सगळं झाकून घेते. ही काहीच झाकत नाही. धाग्यात जिथे जाड-बारीक, तिथे उजेड अडखळतो, आणि तू ते लांबून ओळखशील. काही बोलणार नाहीस, नुसती भुवई वर करशील. ती भुवई मला माहीत आहे.

आणि पिळाचं काय करू? केस एवढा लांब की थोड्या पिळातही धागा टिकतो, आणि पीळ कमी तेवढी झळाळी जास्त. पण ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, बळ हवं, मागाच्या फणीचं घासणं सोसायला हवं. पीळ वाढवला की दोरखंड होतो, हे बाईंनी आपल्या दोघींच्या डोक्यात टपल्या मारून शिकवलंय. फणीने विंचरून, केस सरळ ठेवून, चिमटीच्या पुढे पीळ जाऊ न देता थोडं कातून पाहिलं. एकपदरी सूत सुरेख दिसतं, पण ताण्यात जाईल का याचा भरवसा वाटत नाही. दुपदरी केलं तर टिकेल, पण तुझ्या मागाला जाड होईल का? त्यात या लोकरीला लवचीकपणा कमी; ताण कुठे सैल राहिला तर धागा स्वतःहून सावरून घेणार नाही. तुझा माग डावीकडे ढिला पडायचा, तो नीट केलास का?

बाई ब्लूकॅपचं नाव कसं घ्यायच्या आठवतं? 1839 साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेला मेंढा, बाप लेस्टर जातीचा, आई टीसवॉटर जातीची, आणि जगातल्या सगळ्या वेन्सलीडेल त्याच्याच वंशातल्या. सांगताना बाई सासऱ्यांचं नाव घेतल्यासारखा पदर सावरायच्या. आपण हसून मेलो होतो. आता ती मेंढी मोजक्याच कळपांत उरलीय, आणि तिची अख्खी लोकर माझ्या पलंगाखाली आहे. रात्री दोनदा उठून कसर लागली नाही ना ते बघते.

रंगाचंही ठरव. नीळ आणि मंजिष्ठ यावर पेटल्यासारखे दिसतील, पण कातण्याआधी रंगवायचं की लडी झाल्यावर? माझं मत, कातण्याआधी. तुझं उलटं असणार, हे गृहीत धरलंय.

तुझ्या नव्या घराचं कळलं, अभिनंदन. भाऊजींची बदली रद्द झाली ना? मुलीच्या परीक्षेचं काय झालं ते लिही.

सोबत दोन छोट्या लडी पाठवतेय, एक एकपदरी, एक दुपदरी. दोन्ही मागावर ताणून बघ, तुटेपर्यंत ताण. कुठली टिकली तेवढं कळव, भुवईबद्दल लिहू नकोस. तोवर उरलेल्या लोकरीला हात लावत नाही.

तुझी,
शालू