वहिनी, तनूच्या त्या सिरीयलींबद्दल

शिनचू, तैवान

प्रिय वहिनी,

परवा फोनवर दादा शेजारीच बसलेला होता त्यामुळे तुला मोकळं बोलता येत नव्हतं हे लक्षात आलं माझ्या, म्हणून लिहूनच पाठवतेय, निवांत वाच. तनू रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर थायलंडच्या त्या मुलामुलांच्या लव्हस्टोऱ्या बघत बसते, त्यात नक्की काय असतं आणि बघू द्यायचं का, असं विचारलंस ना. माझं म्हणणं बघू दे, आणि जमलं तर तूही सोबत बस. पण निवडून बघा, कारण त्यात भुसाही भरपूर आहे. बऱ्याच सिरीयलींत कॉलेजातला सीनियर ज्युनियरला दमदाटी करतो, तो नको म्हणत असताना किस करतो आणि त्यालाच प्रेम म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही आणि तनूशी यावर तू जरूर बोल.

सुरुवात 'द लव्ह ऑफ सियाम'पासून करा. २००७ चा थाई पिक्चर, बँकॉकमधला. तेव्हा पोस्टरवर मुलगा-मुलगीच्या जोड्या दाखवून विकला होता, थेटरात गेल्यावर लोकांना कळलं की मूळ गोष्ट म्यू आणि तोंग या दोन मुलांची आहे, लहानपणचे शेजारी. तोंगची मोठी बहीण जंगलात हरवते ती सापडतच नाही, वडील दारूत बुडतात आणि सगळं घर आई एकटी ओढते. तिला कळतं की आपल्या मुलाचं त्या मुलावर प्रेम आहे, तेव्हा ती म्यूकडे जाऊन माझ्या मुलापासून लांब राहा म्हणून सांगते, आणि मला तिचा राग येत नाही गं, कारण एक लेकरू गेलंय तिचं, दुसरंही हातातून जाईल या भीतीने ती तसं वागते. पुढे ख्रिसमसचं झाड सजवताना मुलाच्या हातात दोन बाहुल्या असतात, एक मुलीची एक मुलाची, कुठली लावू म्हणून तो आईकडे बघतो, ती म्हणते तुला योग्य वाटेल ती घे, आणि तो मुलाची उचलतो. बास, एवढंच. भाषण नाही, रडारड नाही. अडीच तासांचा आहे आणि मधे जरा रेंगाळतो, पण त्या सीनसाठी तरी पूर्ण बघच.

इकडचे पिक्चर मला का जवळचे वाटतात सांगू, त्यांच्यात घर सुटत नाही. ही पोरं आईवडिलांच्याच घरात राहतात, क्लासला जातात, ॲडमिशनचं टेन्शन घेतात आणि त्यातच प्रेमात पडतात, म्हणजे लपवायचं ते पण घरातच आणि सांगायचं ते पण घरातच. 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' बघ, २०२० ची सिरीयल, पाचच एपिसोड, फुकेतमधली. आपल्याला फुकेत म्हणजे बीच माहिती, पण यात तिथली जुनी चिनी वस्ती आहे आणि ते' नावाच्या मुलाची आई नूडल्स विकून दोन पोरांना शिकवतेय. ते' आणि ओ-एव बालपणीचे दोस्त, भांडण होऊन बोलणं बंद, मग चायनीजच्या क्लासात परत गाठ पडते आणि एक दुसऱ्याला शिकवायला लागतो. पुढे ते' आपली युनिव्हर्सिटीची सीट सोडून देतो ओ-एवला मिळावी म्हणून. आपल्याकडे एका सीटसाठी अख्खं घर दोन वर्षं टीव्ही बंद ठेवतं, त्यामुळे त्या आईला काय वाटलं असेल ते तुला मी सांगायला नको. तनूची बारावी झाल्यावर बघा पाहिजे तर.

इथल्या तैवानचा म्हणशील तर 'युअर नेम एनग्रेव्हड हिअरिन', २०२० चा, नेटफ्लिक्सवर आहे. १९८७ मध्ये इथला लष्करी कायदा उठला त्याच्या लगेच नंतरचा काळ, कॅथलिक मुलांची शाळा, वरून स्वातंत्र्य आलंय पण शाळेत मारहाण तशीच चालू. दोघांपैकी एकजण दुसऱ्याला फोन करून कॅसेटवरचं गाणं ऐकवतो, दोघं दोन टोकांना नुसते रडत असतात. याच देशात २४ मे २०१९ पासून दोन पुरुष किंवा दोन बायका कायदेशीर लग्न करू शकतात, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून, आणि आपल्याकडे २०१८ ला अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा जाच गेला पण २०२३ मध्ये कोर्टाने लग्नाला नाहीच म्हटलं. हा पिक्चर मात्र आधी तू एकटी बघ, काही सीन जड आहेत.

आणि जपानचा 'मॉन्स्टर', २०२३ चा, कोरे-एदा या दिग्दर्शकाचा. यातली मुलं लहान आहेत, पाचवीतली. गाडीत आई मुलाला सहज म्हणते की तुझं लग्न होऊन संसार होईपर्यंत मी आहे, आणि तो धावत्या गाडीतून उडी टाकतो. प्रेमाने बोललेलं वाक्य गं, आपण रोज बोलतो असलं. तिला कळतच नाही काय झालं ते.

तुला मनातून जे विचारायचं होतं ना, त्याचं पण सांगते. हे बघून कोणी तसं होत नाही. या सिरीयली बघणाऱ्यांत मुलीच जास्त आहेत, त्यांना हळुवार वागणारा मुलगा बघायला आवडतो. तनूचंही तेवढंच असेल किंवा अजून काही असेल, तू लगेच खोदून विचारू नकोस, शेजारी बस, तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, आणि सांगितलंच तर त्याच क्षणी रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

दादाला यातलं आत्ता काही दाखवू नको, सबटायटल वाचायचा त्याला कंटाळा. त्याला 'साबर बोंडं' दाखव. रोहन कानवडेचा, आपला मराठी, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्सला मोठं बक्षीस मिळालं त्याला. मुंबईचा आनंद वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस गावी येतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात आणि बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. आई त्याच्या बाजूने उभी आहे. मातीचं घर, शेळ्या, दहाव्याची तयारी, दादाला ते सगळं ओळखीचं आहे, तो शेवटपर्यंत बसेल.

आईला नमस्कार. रविवारी सियाम बघून झाला की मेसेज टाक, इथले रात्रीचे बारा वाजले तरी मी जागी असेन.

तुझी,
पल्लवी