एस्थर डेव्हिड यांचं नाव राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आजच्या ज्यू कादंबरीकारांवरचा लेख दोनदा वाचला. अमेरिकेतली नावं होती, इस्रायलमधली होती. एस्थर डेव्हिड यांचं नाव मात्र कुठेच नव्हतं आणि ते मला फार लागलं. वडोदऱ्याहून दोन तासांवरच्या अहमदाबादेत १९४५ साली त्या जन्मल्या. बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे मूळ आपल्या कोकणातल्या, ज्यांची मातृभाषा मराठी, त्या लोकांतल्या. २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'बुक ऑफ रेचल' या इंग्रजी कादंबरीला मिळाला.

माझं माहेर अलिबागचं, इस्रायल आळीच्या जवळ. लग्न होऊन वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आले त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. सूनबाईनं ही कादंबरी आणून दिली तेव्हा इंग्रजी वाचायची सवय सुटलेली. शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, दीड महिना लागला. अलिबागजवळच्या दांडा गावात राहणारी रेचल. मुलं इस्रायलला गेलेली, समाजही गेलेला, आणि ही एकटी बाई ओस पडलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, झाडून-पुसून ठेवते. त्या जागेवर बिल्डरचा डोळा असतो. रेचल ती विकू देत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक पाककृती आहे.

त्या पाककृतींनी मला थेट आमच्या शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघरात नेलं. मावशींच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, आणि दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मग्रंथातली वचनं ठेवलेली छोटी डबी. येता-जाता त्याला बोटं लावून ओठांना लावायच्या. मटणाच्या रश्शाला दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध. पापलेट घ्यायच्या, पण कोळंबीकडे बघायच्याही नाहीत, कारण समुद्रातलं खवले नसलेलं काही त्यांना चालत नसे. नवस फेडला की मलिदा व्हायचा : भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचं, नाव घेऊन झालं की आमच्या घरी ताट यायचं. त्यांचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत.

मी आठवीत असताना मावशी मुलांपाठोपाठ इस्रायलला गेल्या. जाताना आपली विळी आईला देऊन गेल्या. गेलेल्यांची आठवण आम्ही पुष्कळ काढली, पण मागे राहिलेल्या घरांचं, सिनेगॉगमधल्या दिव्यात तेल कोण घालत असेल याचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ते या कादंबरीनं आणलं.

आणखी एक गोष्ट वडोदरेकरांना ठाऊक असायला हवी. एस्थरबाई आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकल्या. फाइन आर्ट्समध्ये शंखो चौधुरी यांच्याकडे शिल्पकला आणि कलेचा इतिहास शिकून त्या पुढे कलासमीक्षक झाल्या. पहिली कादंबरी १९९७ साली आली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. ती अहमदाबादच्या कोटाच्या आतल्या ज्यू कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची आहे. वडील रूबेन डेव्हिड आधी शिकारी होते, मग बंदूक ठेवून प्राण्यांचे डॉक्टर झाले. कांकरियाचं प्राणिसंग्रहालय त्यांनीच उभं केलं. मी दोन्ही मुलांना घेऊन ते बघायला गेले होते, पण तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं.

लेखकांनी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. ज्यू म्हटलं की आपली नजर आधी परदेशात जाते. पण या बाईंच्या पुस्तकांत मराठी सणवार आहेत, नारळ आहे, कोकणची खाडी आहे. माझी विनंती एवढीच, की पुरवणीत एस्थर डेव्हिड यांच्यावर निदान अर्धं पान द्यावं. जमल्यास त्यांना फाइन आर्ट्सच्या दिवसांबद्दल विचारावं. त्या काळी त्यांच्याबरोबर शिकलेलं कुणी गावात असेल, तर त्यांच्या आठवणीही छापाव्यात. मलिद्याची कृती हवी असल्यास मी लिहून पाठवते. आईच्या वहीत ती मावशींच्या हातची, शाईनं लिहिलेली आहे.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, वडोदरा