मॅरेथॉनचे वृत्त नुसत्या वेळेवर तोलू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जगातील मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन शर्यतींचे वृत्त आपल्या क्रीडापानावर नियमाने येते, त्याबद्दल आभार मानून एक तक्रारवजा सूचना करतो. शर्यत लंडनची असो, बर्लिनची असो वा शिकागोची, वृत्ताचा साचा एकच असतो. विजेत्याचे नाव, त्याचा देश, त्याने नोंदवलेली वेळ आणि ती विश्वविक्रमाच्या किती अलीकडे वा पलीकडे राहिली, एवढे सांगितले की वृत्त संपते. विक्रम मोडला तर मथळा मोठा, न मोडला तर चार ओळी. शंभर मीटरच्या शर्यतीला हा हिशेब बऱ्याच अंशी लागू पडतो, कारण धावपट्टी सगळीकडे सारखी असते आणि वाऱ्याचा वेगही मोजून सोबत दिला जातो. ४२.१९५ किलोमीटर रस्त्यावरून धावणाऱ्यांना हाच हिशेब लावला, तर आघाडीच्या धावपटूंनी त्या दिवशी नेमके काय केले, हे वाचकाला कळतच नाही.

बोस्टनचेच उदाहरण घ्या. १८९७ पासून चालत आलेली ही शर्यत हॉपकिंटन या गावातून निघते आणि पूर्वेकडे जात बोस्टन शहरात संपते. विश्वविक्रमासाठी दोन अटी आहेत. सुरुवात आणि शेवट यांच्यातील सरळ रेषेतले अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे आणि मार्गाचा उतार सरासरीने किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नसावा. बोस्टनचा मार्ग दोन्ही अटींत बसत नाही, कारण तो जवळजवळ एकाच दिशेने जातो आणि सुमारे १४० मीटर खाली उतरतो. म्हणूनच २०११ मध्ये जेफ्री मुताई तेथे २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत पोहोचला, तेव्हा ती वेळ त्या वेळच्या विश्वविक्रमापेक्षा ५७ सेकंदांनी सरस असूनही तिची विक्रम म्हणून नोंद झाली नाही. त्या दिवशी वाराही पाठीवर होता. मात्र उतार आहे म्हणून हा मार्ग सोपा, असे समजणेही चूकच. सुरुवातीच्या उतारावर मांड्यांचे स्नायू बडवले जातात आणि निम्म्याहून अधिक अंतर कापून झाल्यावर न्यूटन या उपनगरातले चढ समोर येतात, त्यामुळे सुरुवातीला मोह न आवरलेल्या धावपटूला पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरी गोष्ट वेग राखून देणाऱ्या धावपटूंची, म्हणजे पेसमेकरांची. बर्लिन, शिकागो, लंडन अशा शर्यतींत आयोजक ठराविक वेगाने धावण्यासाठी त्यांना मानधन देऊन बोलावतात. आघाडीच्या धावपटूला त्यामुळे वारा कमी लागतो आणि वेगाचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही. हे पेसमेकर बहुधा २५ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान बाजूला होतात. क्वचित तसे होतही नाही. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या शर्यतीत वेग राखण्यासाठी आलेला पॉल पिल्किंग्टन पुढे गेला तो गेलाच आणि शर्यत जिंकून मोकळा झाला, तर मागून आलेला इटलीचा धावपटू आपणच पहिले आलो, अशा समजुतीत होता. एलियुड किपचोगेने २०१८ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ३९ सेकंदांची वेळ दिली आणि आधीचा विक्रम तब्बल ७८ सेकंदांनी मागे टाकला, हे सर्वांनी छापले. त्याचा शेवटचा साथीदार २५ किलोमीटरला थांबला होता आणि उरलेले १७ किलोमीटर तो एकटा धावला, ही माहिती मात्र फार थोड्या वृत्तांत होती. माझ्या मते त्या विक्रमाचे खरे मोल त्या १७ किलोमीटरांत आहे.

याउलट बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे आघाडीच्या गटाला पेसमेकर दिले जात नाहीत. तेथे घोळका मुद्दाम संथ चालतो, सगळे एकमेकांवर नजर ठेवून असतात, मग कोणीतरी एखाद्या चढावर अचानक वेग वाढवून इतरांचा दम पाहतो. अशा शर्यतीची वेळ ‘साधारण’ दिसते, पण चुरस तिथेच अधिक असते. २०१९ च्या बोस्टनमध्ये लॉरेन्स चेरोनो आणि लेलिसा देसिसा यांच्यात शेवटी अवघ्या दोन सेकंदांचे अंतर होते. ते दोन सेकंद वाचकाला दिसले नाहीत, तर २ तास ७ मिनिटे ५७ सेकंद या आकड्याला काय अर्थ राहतो?

महिलांच्या शर्यतीबाबत हा घोळ सर्वाधिक होतो. तिगिस्त असेफाने २०२३ मध्ये बर्लिनला २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून विश्वविक्रम केला. याच असेफाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे ५० सेकंदांत शर्यत जिंकली आणि तोही विश्वविक्रमच ठरला. दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचणारा गोंधळणारच, कारण दुसरी वेळ पहिलीपेक्षा जवळजवळ चार मिनिटांनी मंद आहे. कारण असे, की बर्लिनमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच वेळी सुटतात. लंडनमध्ये आघाडीच्या महिला पुरुषांच्या आधी, स्वतंत्रपणे सुटतात. पुरुषांसोबत धावताना वेग राखणारा पुरुष साथीदार शेवटपर्यंतही बरोबर राहू शकतो. केवळ महिलांच्या शर्यतीत तसे शक्य नसते, कारण तो वेग शेवटपर्यंत झेपणारी स्त्री स्वतःच विजेतेपदाची दावेदार असते. २००३ मध्ये पॉला रॅडक्लिफने लंडनलाच २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांची वेळ दिली, ती पुरुष साथीदारांसह. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये अशा वेळांना विक्रम मानायचे नाही असे ठरवले, त्यावर बरीच टीका झाली आणि अखेर रॅडक्लिफचा विक्रम कायम राहिला. तेव्हापासून मिश्र शर्यत आणि केवळ महिलांची शर्यत अशा दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात.

हा भेद लक्षात घेतला तर २०२४ ची लंडनची महिलांची शर्यत किती विलक्षण होती, ते कळते. पेरेस जेपचिरचिर २ तास १६ मिनिटे १६ सेकंदांत पहिली आली. तिच्यामागे असेफा, जॉयसिलिन जेपकोसगेई आणि मेगेर्तू आलेमू अवघ्या १८ सेकंदांच्या आत पोहोचल्या. केवळ महिलांच्या शर्यतीतला मेरी केइटानीचा २०१७ चा विक्रम, २ तास १७ मिनिटे १ सेकंद, या चौघींनीही एकाच सकाळी मागे टाकला. वृत्तांत मात्र बहुतेक ठिकाणी एकच नाव आणि एकच वेळ आली.

हवामानाचा उल्लेखही असाच राहून जातो. २०१८ मध्ये बोस्टनला गारठवणारा पाऊस आणि समोरून येणारा वारा होता. जपानचा युकी कावाउची, जो तेव्हा सरकारी कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत असे, त्याने आदल्या वर्षीचा विजेता जेफ्री किरुई याला अखेरच्या टप्प्यात गाठले आणि २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. महिलांत डेझिरे लिंडेन आपण शर्यत सोडणार, असे समजूनच धावत होती. प्रसाधनगृहात जाण्यासाठी थांबलेल्या शॅलेन फ्लॅनगनची वाट पाहत तिने वेगही कमी केला होता आणि शेवटी तीच २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिली आली. दुसरा क्रमांक एका परिचारिकेचा, भूल देण्याच्या कामात असलेल्या सारा सेलर्सचा होता. आकडे पाहिले तर ही कित्येक दशकांतली सर्वांत मंद शर्यत, आणि त्या मार्गावर याहून कठीण दिवस फार थोडे आले असतील.

विक्रमाच्या वृत्ताला पुढचा भागही असतो आणि तो जोडण्याची जबाबदारी वृत्तपत्रांची आहे. किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद ही वेळ दिली, पण आलटून पालटून येणारे ४१ पेसमेकर आणि इतर सोयींमुळे ती विक्रम ठरू शकत नव्हती. आजही तिचा उल्लेख ‘विक्रम’ म्हणून अधूनमधून वाचनात येतो. रूथ चेपनगेटिचने २०२४ मध्ये शिकागोला २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांची वेळ दिली. पुढे मार्च २०२५ मध्ये घेतलेल्या नमुन्यात प्रतिबंधित द्रव्य सापडल्यामुळे तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली, मात्र त्याआधीच्या नोंदी रद्द झाल्या नाहीत. त्या वेळेचा उल्लेख करताना बंदीचा आणि नोंद कायम राहिल्याचा, दोन्हींचा उल्लेख झाला पाहिजे.

माझी विनंती फार मोठी नाही. विजेत्याच्या वेळेसोबत पेसमेकर होते की नव्हते, महिला स्वतंत्र सुटल्या की पुरुषांबरोबर, हवा कशी होती आणि निर्णायक वेग कोणी, कोणत्या किलोमीटरला वाढवला, एवढे दोन-तीन वाक्यांत द्यावे. पहिल्या तिघांच्या वेळा आणि शर्यतीच्या पूर्वार्ध-उत्तरार्धाच्या वेळा छोट्या चौकटीत बसतात. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांची वेळ दिली, तेव्हा त्याचा पूर्वार्ध ६० मिनिटे ४८ सेकंदांचा आणि उत्तरार्ध ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा होता. थकव्याच्या टप्प्यात तो अधिक वेगाने धावला, हे त्या दोन आकड्यांवरून कोणालाही समजते. हे आकडे आयोजकांच्या निकालपत्रकातच असतात. वार्ताहराने तेवढे पत्रक शेवटपर्यंत वाचावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक