कुंकवाखालचा सन

सातारा, रविवार

प्रिय अव्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची साधी चौकशीसुद्धा नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही बरे. माझी साखर आहे तिथेच आहे.

पत्राचं कारण एवढंच की तू जिंकलास. नववीतलं खंडेनवमीचं भांडण, ज्यापायी आपण अख्खं वर्ष बोललो नाही, ते.

निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेलं रिव्हॉल्व्हर परवा सोडवून आणलं. (आता तरी पिस्तूल म्हणू नकोस. चक्र फिरतं ते रिव्हॉल्व्हर.) काकांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही, म्हणून साफसफाईला मी बसलो. इतक्या खंडेनवम्यांचं हळदकुंकू तेलात भिजून खाचांत दगडासारखं बसलेलं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन उजवी बाजू घासत होतो. घोड्याच्या खाली आधी मुकुट निघाला, मग अक्षरं, ‘एनफिल्ड’, आणि त्याखाली १९२३.

पहिल्या महायुद्धात इराकातलं कूट तुर्कांच्या हाती पडलं २९ एप्रिल १९१६ ला. इंग्रज साहेबानं पणजोबांच्या मांडीवर प्राण सोडला आणि सोडताना हे त्यांच्या हातात दिलं, ही आमची गोष्ट. तू भर पूजेत विचारलंस, “शरण आलेल्यांना तुर्कांनी हत्यारं घरी न्यायला दिली का रे?” मी करवंटी फेकून मारली होती. नेम चुकला, तोही घराण्याला शोभणारा.

मी लगेच मान टाकली असं समजू नकोस. दोन रात्री पळवाटा शोधल्या. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची ही जात १८८७ पासूनची. मार्क वन, म्हणजे पहिली आवृत्ती, चार इंची नळी आणि पोपटाच्या चोचीसारखी मूठ. पुढचे बदल वरवर पाहून कळायचे नाहीत. १८९९ च्या मार्क फोरला चांगलं पोलाद आलं, १९१३ च्या मार्क फाइव्हला जाड चक्र, कारण काळी दारू जाऊन बिनधुराची, कॉर्डाइट नावाची, आली होती. चोच मात्र तीच. मे १९१५ मध्ये मार्क सिक्स मंजूर झालं, तेव्हा कुठे नळी सहा इंच आणि मूठ चौकोनी झाली. आपली मूठ चौकोनी. मे महिन्यात मंजूर झालेलं हत्यार डिसेंबरात वेढ्यात सापडलेल्या एखाद्या साहेबाकडे असेलही, यावर मी एक रात्र काढली. पण युद्धभर मार्क सिक्स केलं ते वेब्लीनं. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यानं ते हाती घेतलं १९२१ मध्ये आणि १९२६ ला सोडलं. तिथे माझं वकीलपत्र संपलं.

(त्याच कारखान्यानं पुढे वेब्लीचा .३८ इंची रिव्हॉल्व्हरचा आराखडा जवळजवळ तसाच उचलला. वेब्लीनं भांडून १२५० पौंड मिळवले. तुझ्या वकील भावाला सांग.)

वस्तू मात्र अशी की खोटं बोलवत नाही. किलोभर वजन. अंगठ्यानं खटका दाबला की नळी पुढे मोडते आणि सहाही घरांतून रिकामी काडतुसं एकदम वर येतात. घोडा आधी न ओढताही नुसता चाप दाबला तर चक्र एक घर सरकतं, घोडा मागे जातो आणि पडतो. चापाला ओढ इतकी की माझं बोट थरथरलं. बाजूच्या खोलीत काका झोपलेले. आवाजानं जागे झाले आणि म्हणाले, “तेल कमी पडलंय.”

आता खरी अडचण ऐक. काकांना लायसन्स माझ्या नावावर करायचंय. याची नळी .४५५ इंची, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, सर्वसामान्यांना बंदी असलेलं माप, त्यामुळे प्रकरण दिल्लीपर्यंत जाणार. काकांचा हट्ट असा की अर्जासोबत हत्याराचा इतिहास जोडायचा, कूटसकट, आणि तो लिहायचा मी. माझ्या सहीखाली! एखाद्या आर्मररनं, हत्यारांच्या जाणकारानं, भिंग लावलं की संपलं. काकांना सांगू? शहाऐंशी वर्षांच्या माणसाला?

आणि अव्या, कूट खोटं नाही. पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते, कागद आहेत. १४७ दिवसांचा वेढा, घोड्याचं मांस, मग कैद. परत आले तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना दारात ओळखलं नाही, असं आजी एकदाच म्हणाली होती. त्या अडीच वर्षांबद्दल आमच्या घरात एवढंच वाक्य आहे. बाकी सगळं बोलणं या रिव्हॉल्व्हरचं. ते त्यांनी पुढे विकत घेतलं, की पेन्शनीत निघालेल्या कुणा साहेबानं दिलं, हे सांगणारं आता कोणी नाही. मांडीवर प्राण सोडलेल्या साहेबाची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली की पोरांनी रचली, एवढं मात्र मला कळायला हवं होतं.

सईचं ठरलं हे आईकडून कळलं, अभिनंदन. मुलगा बंगलोरचा ना? गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ये. काका गोष्ट सांगतील तेव्हा माझ्या शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. तोवर त्या अक्षरांत मी पुन्हा कुंकू भरलंय. अजून ओलं आहे.

तुझा,
नान्या

ता.क. तुझ्या सायकलची हवा मी दोनदाच सोडली. तिसऱ्यांदा तुझ्या भावानं.