गृहमंत्री साहेब, भरतीच्या ग्राउंडवर सुई चालू आहे

मा. गृहमंत्री साहेब, रामराम.

मी अमळनेर तालुक्यातला, कापूस-मका करणारा माणूस. भाचा आमच्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करतो. मागच्या महिन्यात पहाटे त्याला घ्यायला ग्राउंडवर गेलो तर पोरगं निंबाखाली बसलेलं, हात एवढा थरथरतोय की निम्मा चहा पॅन्टवर सांडलेला, छाती तर शर्टावरून उडताना दिसत होती. खिशात बारकी बाटली आणि इन्सुलिनची सुई. मेफेन्टरमाइन, पळताना दम टिकावा म्हणून पोरं टोचून घेतात ते. ऑपरेशनला कमरेत भूल दिल्यावर बीपी पडला तर डॉक्टर देतात ते औषध, आणि हे आमचं १९ वर्षांचं धडधाकट पोरगं! चिठ्ठीशिवाय दिलं कोणी ते विचारूच नका.

कानाखाली लावणारच होतो, तर तो म्हणतो, "मामा, सगळा लेतस, मी एकलाच मांगे का ऱ्हाऊ?"

यावर मला काही बोलता आलं नाही साहेब. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारलं तर पूर्ण २० मार्क, जरा मागं पडला की १८, आणि मेरिट तर एकेका मार्कावर अडकतं, मग जो सुई घेत नाही तोच येडा ठरतो. कोणी जबरदस्ती करत नाही म्हणे. अहो, शेजारच्याने घेतली हीच जबरदस्ती!

हेच औषध वाडाच्या, म्हणजे खेळातलं डोपिंग (ताकद वाढवायला औषध घेणं) रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे, पण आपला २०२२ चा अँटी डोपिंग कायदा खेळाडूंसाठी. मेडलसाठी पळणाऱ्याची लघवी तपासायची आणि जन्मभराच्या नोकरीसाठी पळणाऱ्याची नाही, हे कसं? बरं आज सुई आहे, उद्या दुसरं काही येईल. चीनमध्ये २०१८ ला जन्माआधीच जुळ्या मुलींचे जीन बदलले, तो संशोधक ३ वर्षं जेलात गेला. ते एड्सपासून वाचवायच्या नावाखाली होतं, उद्या कोणी पोराचा दमच वाढवून देतो म्हटलं तर ज्याच्याकडे पैसा त्याचं पोरगं पुढं, आमचं तापीकाठीच.

पोरांना जेलात टाका असं मी म्हणत नाही, ती आधीच घाबरलेली असतात. प्रत्येक ग्राउंडला चिठ्ठ्या टाकून टेस्ट घ्या, ती होणार हे जाहिरातीतच छापा, आणि बाटली कुठून आली तिथपर्यंत जा.

भाचा परत पळायला लागलाय, बिना सुईचा. ५ मिनिटं २६ सेकंद लागतात.

आपला,
एक मामा