गॅरेजवाल्या दादांना जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे मोटारसायकलचे आरसे काढून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घ्यायला आला होता. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात, वर त्याला बराच वेळ थांबवून घेतलंत. त्याबद्दल हे आभार, आणि तेही चारचौघांत, कारण आमची घरच्यांची सगळी बडबड पालथ्या घड्यावर पाणी ठरली होती.

आम्ही म्हणायचो, "हळू चालव." तो म्हणायचा, "माझा कंट्रोल आहे." संपला विषय. तुम्ही त्याच्या कंट्रोलबद्दल चकार शब्द काढला नाहीत. खडू घेतलात आणि त्यालाच हिशोब करायला बसवलंत. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तर जातोच. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, आणखी साधारण 20 मीटर. गाडी 37 मीटरवर उभी. तीच गाडी 120 ने असेल तर? ब्रेक लागायच्या आतच 33 मीटर संपले, आणि पहिली गाडी जिथे थांबली तिथून ही 115 च्या वर वेगाने पुढे निघून जाते. हे त्याने घरी येऊन आम्हाला असं समजावलं, जणू शोध त्यानेच लावला!

"पण एबीएस आहे ना," हा त्याचा हुकमी एक्का. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण टायरला नसलेली पकड कुठून आणणार, असं तुम्ही विचारलंत आणि त्याचाच गोटा झालेला मागचा टायर दाखवलात. रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा तुकडा. वाळू, सांडलेलं ऑइल, ओला पांढरा पट्टा, यातलं काहीही त्याखाली आलं की संपलं.

मी रोज पायी रस्ता ओलांडणारी, त्यामुळे मला तुमचं दुसरं बोलणं जास्त भिडलं. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते, म्हणून ती किती लांब आहे आणि किती वेगात येतेय याचा अंदाज चुकतो. रात्री तर नुसता एक दिवा. वळणारा गाडीवाला बघतो, वेळ आहे असं समजून वळतो, आणि लोक म्हणतात त्याने बघितलंच नाही. त्याने बघितलेलं असतं हो! वळणाऱ्याचा किंवा रस्ता ओलांडणाऱ्याचा अंदाज रोजच्या वेगावर बसलेला असतो. 120 ने येणारा हा अंदाजच मोडतो, आणि समोरच्याला कोणी विचारलेलंही नसतं.

वेगाची हौस वाईट, असंही तुम्ही म्हणाला नाहीत. ट्रॅकवर जा म्हणालात: तिथे सगळे एकाच दिशेने जातात, पडलं तर घसरायला मोकळी जागा असते, मध्येच कुणाचं पोर धावत येत नाही. आता तो त्यासाठी पैसे साठवतोय. आरसे जागेवर आहेत, मागचा टायर नवा आहे.

एक काम मात्र राहिलंय. हेल्मेटचा पट्टा तो अजून ढिलाच ठेवतो. पुढच्या सर्व्हिसिंगला आला की जरा बघा, तुमचं ऐकतो.

तुमची,
त्याची ताई